सहीविना राहिलेलं टपाल विधेयक

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांना 'पॉकेट व्हेटो' (खिशातला नकाराधिकार, म्हणजे राष्ट्रपतींनी विधेयकावर सहीही न करणं आणि नकारही न देणं) म्हटलं की पुढचं उत्तर तोंडपाठ असतं: ग्यानी झैल सिंग, १९८६, टपाल विधेयक. मीही राज्यशास्त्राच्या तासाला बरीच वर्षं ही ओळ फळ्यावर लिहून पुढे सरकत आलो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, सही केली नाही म्हणजे नेमकं काय केलं? आणि मग त्या विधेयकाचं पुढे काय झालं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचं माझ्याकडे अर्धवट होतं, म्हणून प्रकरण मुळापासून वाचायला घेतलं. भारतातल्या नकाराधिकाराचं खरं रूप या एका प्रकरणात जितकं दिसतं तितकं व्याख्यांच्या चौकटींमध्ये दिसत नाही, असं माझं मत तेव्हापासून झालं आहे.

पत्र फोडण्याचा जुना अधिकार

सरकारला पत्रं अडवण्याचा अधिकार १९८६ साली नव्याने मिळणार होता, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नव्हतं. तो अधिकार इंग्रजांनी १८९८ च्या भारतीय टपाल अधिनियमात लिहून ठेवला होता आणि स्वातंत्र्यानंतरही तो जागच्या जागी राहिला. त्या कायद्याचं कलम २६ सांगत होतं की सार्वजनिक आणीबाणी उद्भवली, किंवा सार्वजनिक सुरक्षितता आणि शांततेसाठी गरज पडली, तर केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी हुकमाने टपाल अडवू शकतो, रोखून ठेवू शकतो. आणीबाणी खरोखर आहे का, अशी शंका कुणी काढलीच, तर त्यावर सरकारने दिलेला दाखला हाच निर्णायक पुरावा. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच सहीने तिचा निकाल.

हे कलम राज्यघटनेशी जुळवून घेतलं पाहिजे, हा विचार १९८६ च्या बराच आधीपासून चालू होता. विधी आयोगाने १९६८ साली टपाल कायद्यावर स्वतंत्र अहवालच दिला होता. राजीव गांधी सरकारने १९८६ साली भारतीय टपाल (सुधारणा) विधेयक आणलं, तेव्हा या जुळवणीचाच आधार सांगितला गेला. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी, अशी कारणांची लांबलचक यादी आली. घटनेतल्या अनुच्छेद १९ मध्ये भाषणस्वातंत्र्यावर ज्या वाजवी मर्यादा घालता येतात, त्यांतलेच हे शब्द. तारांच्या आणि टेलिफोनच्या कायद्यात १९७२ सालीच असे शब्द आले होते, मग टपालाने काय घोडं मारलं होतं, असा युक्तिवाद करता येत होता.

कागदावर हा युक्तिवाद नीटनेटका दिसतो. पण घटनेने हे शब्द सरकारला आवर घालण्यासाठी वापरले आहेत: एवढ्याच कारणांसाठी मर्यादा घालता येतील, त्याही वाजवी असल्या तरच. विधेयकात तेच शब्द परवाना म्हणून आले आणि 'वाजवी' ठरवणारा तटस्थ माणूस कुठेच नव्हता. अडवलेल्या पत्राच्या मालकाला कळवायचं नाही, न्यायाधीशाला विचारायचं नाही, नंतर कुणी तपासायचं नाही. विरोधी पक्ष आणि वृत्तपत्रं यांनी झोड उठवली ती यासाठी.

आज पाकिटबंद पत्र ही नवलाईची गोष्ट झाली आहे, म्हणून त्या काळाची थोडी आठवण द्यावी लागते. १९८६ साली घरोघरी फोन नव्हते. मुंबईच्या गिरणीतून कोकणात जाणारी मनीऑर्डर, तिच्या खाली चार ओळींचा मजकूर, दुबईहून येणारं निळं पत्र, वकिलाची नोटीस, वार्ताहराची बातमी, युनियनचं पत्रक, सगळं पोस्टमनच्या झोळीतून जायचं. खाजगीपण म्हणजे पाकिटाचा डिंक, एवढीच त्याची व्याख्या सामान्य माणसाजवळ होती.

लोकसभेत सत्ताधारी पक्षाचे ४०० हून अधिक सदस्य, राज्यसभेतही बहुमत. १९८६ च्या अखेरीस विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि सहीसाठी राष्ट्रपती भवनात गेलं. सही होऊन ते तिथून बाहेर आलंच नाही.

राष्ट्रपतींच्या टेबलावरचे तीन रस्ते

अनुच्छेद १११ प्रमाणे राष्ट्रपतींना संमती देता येते, संमती रोखल्याचं जाहीर करता येतं, किंवा धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक) नसेल तर संदेश जोडून फेरविचारासाठी परत पाठवता येतं. परत गेलेलं विधेयक संसदेने दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना पुन्हा मंजूर केलं, तर मात्र संमती रोखता येत नाही.

झैल सिंग यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की यातली गोम लक्षात येते. परत पाठवावं, तर प्रचंड बहुमताचं सरकार काही दिवसांत तेच विधेयक पुन्हा मंजूर करून आणणार आणि मग सही अटळ. उघड नकार द्यावा, तर मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, हे १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शब्दांत लिहून ठेवलेलं. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने दिलेली सवलत एवढीच, की सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल, पण तो पुन्हा आला की मानावा लागेल. उघड नकार म्हणजे घटनात्मक पेच आणि सरकारशी थेट टक्कर. उरला एक रस्ता, जो अनुच्छेदात कुठेही लिहिलेला नाही. काहीच न करणं. अनुच्छेदाच्या मुख्य वाक्यात संमती देण्याला मुदतच नाही, म्हणून हा रस्ता उघडा राहिला.

मुदत का नाही? घटनेच्या मसुद्यात हा अनुच्छेद ९१ व्या क्रमांकाचा होता आणि विधेयक परत पाठवायचं तर ते सहा आठवड्यांच्या आत पाठवावं, असं त्यात म्हटलं होतं. मे १९४९ मध्ये घटना समितीत चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहा आठवड्यांच्या जागी 'शक्य तितक्या लवकर' असे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले ह. वि. कामत यांनी हरकत घेतली. राज्यघटनेत असे मोघम शब्द नकोत, मुदत नेमकी असावी, हा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी निसटतो. मसुद्यातली सहा आठवड्यांची मुदत फक्त परत पाठवण्याला होती, हो किंवा नाही म्हणण्याला नव्हती. पण ती राहिली असती, तर सातव्या आठवड्यात राष्ट्रपतींसमोर 'अजून विचार चालू आहे, परतही पाठवू शकतो' ही सबब उरली नसती. मुदत गेली आणि ती सबब कायमची मिळाली. मला कामतांचं म्हणणं पटतं. पण त्यांचं ऐकलं असतं, तर १९८६ साली टपाल विधेयक बहुधा कायदा झालं असतं, हेही त्याच दमात कबूल करायला हवं.

इतरांचे नकार

'व्हेटो' हा लॅटिन शब्द. अर्थ, 'मी मना करतो'. प्राचीन रोममध्ये सामान्य जनतेचे ट्रिब्यून सरदारांच्या निर्णयाला असं म्हणून अडवत. म्हणजे मुळात हे दुबळ्यांच्या प्रतिनिधीचं हत्यार होतं. पुढे ते राजांकडे आणि राष्ट्राध्यक्षांकडे गेलं. ब्रिटनमध्ये राजसत्तेने संसदेच्या विधेयकाला शेवटचा नकार दिला १७०८ साली. राणी ॲनने स्कॉटलंडच्या लष्करी दलाविषयीचं विधेयक रोखलं, तेही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. त्यानंतर तिथे हा अधिकार वापराविना पडून आहे. अमेरिकेत उलट झालं. तिथे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, म्हणून त्याचा नकार जिवंत राहिला, पण मुदतीने बांधलेला. रविवार वगळून दहा दिवस. तेवढ्यात सही नाही, हरकतही नाही, तर विधेयक आपोआप कायदा होतं. काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, अधिवेशन त्याआधी संपलं असेल तरच ते खिशात विरतं. जेम्स मॅडिसन यांनी १८१२ साली असा पहिला खिसा वापरला.

आपण ब्रिटिश पद्धतीचा नामधारी प्रमुख घेतला आणि त्याच्या हाती नकाराचा अधिकारही लिहून दिला. दोन्हींची सांगड कशी घालायची हे संकेतांवर सोडलं. बराच काळ अडचण आली नाही. १९५४ साली डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचा संघ) राज्याच्या विनियोजन विधेयकाला संमती दिली नाही. तिथली राष्ट्रपती राजवट उठल्यावर संसदेने त्या राज्याच्या खर्चाला मंजुरी देण्याचं प्रयोजनच राहिलं नव्हतं. १९९१ साली रामस्वामी वेंकटरामन यांनी खासदारांच्या वेतन आणि निवृत्तिवेतनाचं विधेयक रोखलं, कारण राष्ट्रपतींची पूर्वशिफारस न घेताच ते लोकसभा विसर्जनाच्या तोंडावर मंजूर करून घेतलं होतं. या दोन्ही ठिकाणी कारण कार्यपद्धतीचं होतं. २००६ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि कलामांना सही करावी लागली. झैल सिंग यांनी परत पाठवण्याचा रस्ता का घेतला नसावा, याचं उत्तर वीस वर्षांनंतरच्या या प्रसंगात दिसतं.

माणूस

फरीदकोट संस्थानातल्या संधवान गावात ५ मे १९१६ रोजी जन्मलेला हा माणूस. मूळ नाव जर्नेल सिंग. संस्थानात काँग्रेसचं काम सुरू केलं म्हणून तुरुंगात गेले आणि तुरुंगावरूनच 'झैल' हे नाव घेतलं. पंजाबचे मुख्यमंत्री, मग १९८० पासून देशाचे गृहमंत्री. पत्रं अडवण्याच्या अधिकाराशी ते कैदी आणि गृहमंत्री अशा दोन्ही बाजूंनी परिचित होते. जुलै १९८२ मध्ये राष्ट्रपती झाले तेव्हा त्यांच्याकडे इंदिरा गांधींचे निष्ठावंत म्हणूनच पाहिलं गेलं. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात सैन्य शिरलं तेव्हा सैन्याचे सर्वोच्च सेनापती पदाने तेच होते. ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या झाली आणि त्याच संध्याकाळी त्यांनी राजीव गांधींना पंतप्रधानपदाची शपथ दिली.

तिथून पुढे संबंध बिघडत गेले. अनुच्छेद ७८ प्रमाणे पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना कारभाराची माहिती द्यायची असते. ती मिळत नाही अशी झैल सिंग यांची तक्रार होती आणि मार्च १९८७ मध्ये त्यांचं पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र वृत्तपत्रात छापून आल्यावर वाद चव्हाट्यावर आला. पाठोपाठ एप्रिलमध्ये बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचेचं प्रकरण. राष्ट्रपती पंतप्रधानांना बडतर्फ करणार, अशा वावड्या दिल्लीत उठल्या. तसं काही झालं नाही. २५ जुलै १९८७ ला मुदत संपली आणि ते राष्ट्रपती भवनातून बाहेर पडले. विधेयक आत राहिलं.

मग ती सद्सद्विवेकबुद्धी होती की भांडणाचा भाग? या प्रश्नावर वर्गात दोन तट पडतात. माणसाच्या मनात या दोन गोष्टी अशा वेगळ्या खणांत राहत नाहीत, असं मला वाटतं. राष्ट्रपतींशी सरकारचे संबंध गोड असते, तर कदाचित सही झालीही असती. पण विधेयक चांगलं असतं, तर निव्वळ रागापोटी ते अडवणं त्यांना पेलवलं नसतं, कारण लोक पाठीशी उभे राहिले नसते. मला खटकते ती वेगळीच गोष्ट. त्यांच्या कारकिर्दीत या विधेयकाबद्दल संसदेकडे संदेश गेला नाही. नेमका कशावर आक्षेप आहे, यादीवर, अधिकाऱ्यावर, की तपासणी नसण्यावर, हे संसदेच्या दप्तरात आलंच नाही. पत्रं बचावली, पण खाजगीपणाच्या बाजूने एक लेखी शब्द मिळाला नाही.

दोनच वर्षांनी, १९८८ मध्ये, राजीव सरकारने बदनामीविरोधी विधेयक आणलं. लोकसभेने ते मंजूरही केलं. देशभरचे पत्रकार, संपादक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. राष्ट्रपतींपर्यंत जायची वेळच आली नाही. ते विधेयक उघड्यावर, वाद होऊन पडलं, म्हणून ते का पडलं हे आजही सांगता येतं.

दुसरं मौन

फळ्यावरची ओळ झैल सिंग यांच्यापाशी थांबते. पण त्यांच्यानंतर आलेले वेंकटरामन हे नामांकित वकील, कायद्याची एकेक मात्रा तपासणारे, सरकारशी त्यांचे संबंधही तणावाचे नव्हते. त्यांनीही राजीव गांधींचं सरकार असेपर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ सही केली नाही आणि विधेयक परतही पाठवलं नाही. म्हणजे हा खिसा दोन राष्ट्रपतींचा आहे. माझ्या मते झैल सिंग यांच्या बाजूचा हा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे, कारण वेंकटरामन यांच्यावर वैयक्तिक रागाचा आरोप करता येत नाही.

१९८९ च्या अखेरीस सत्ता बदलली. विश्वनाथ प्रताप सिंग यांचं राष्ट्रीय आघाडीचं सरकार आलं आणि त्यानंतर वेंकटरामन यांनी विधेयक फेरविचारासाठी परत पाठवलं. हे विधेयक रेटणारं सरकार आता नव्हतं, त्यामुळे ते पुन्हा मंजूर होऊन येण्याची भीतीही नव्हती. नव्या सरकारने ते पुढे नेलं नाही. राज्यसभा विसर्जित होत नसल्याने तिथे प्रलंबित असलेलं विधेयक आपोआप रद्दही होत नाही. ते तसंच पडून राहिलं आणि २००२ मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात, रीतसर मागे घेतलं गेलं. सोळा वर्षांत राजीव गांधी ते वाजपेयी असे सात पंतप्रधान झाले होते.

आणि या सोळा वर्षांत १८९८ चं कलम २६ जागच्या जागी होतं. नकाराधिकाराने नवी यादी अडवली, जुना अधिकार तसाच ठेवला. फोनच्या बाबतीत डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर नियम घालून दिले: हुकूम गृहसचिवांच्या पातळीवरचा हवा, त्याला मुदत हवी, आढावा समिती हवी. पाकिटाच्या वाट्याला असं काही आलं नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, तरी टपालाचं कलम तेच होतं.

मौनाचा प्रश्न राज्यपालांच्या वाटेने न्यायालयात पोचला. तमिळनाडूच्या राज्यपालांनी विधेयकं अडकवून ठेवल्याच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की घटनेत खिशातल्या नकाराधिकाराला जागा नाही. पीठाने मुदती ठरवून दिल्या, राष्ट्रपतींसाठीही, आणि दहा विधेयकांना संमती मिळाल्याचं मानलं. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागवलं. मूळचे अमरावतीचे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांनी २० नोव्हेंबर २०२५ ला उत्तर दिलं: न्यायालय मुदत घालू शकत नाही, संमती गृहीतही धरू शकत नाही. मात्र राज्यपालांनी कारण न देता अनिश्चित काळ विधेयक अडवलं, तर निर्णय घ्या, एवढं न्यायालय सांगू शकतं. कामतांनी १९४९ साली मागितलेली मुदत एप्रिलमध्ये न्यायालयाकडून आली आणि नोव्हेंबरमध्ये परत गेली.

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात १८९८ चा कायदा बाजूला सारून नवं टपाल विधेयक आलं. त्याच्या कलम ९ प्रमाणे राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता किंवा कुठल्याही कायद्याचा भंग, यांपैकी कारण असेल तर केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणत्याही अधिकाऱ्याला टपाल अडवण्याचा, उघडण्याचा, रोखण्याचा अधिकार देऊ शकतं. १९८६ ची यादी बहुतांशी परत आली, वर 'कुठल्याही कायद्याचा भंग' ही भर. आढावा समितीचा शब्द कलमात नाही. १८ डिसेंबरला लोकसभेने ते मंजूर केलं. त्याच दिवशी दोन्ही सभागृहांतून विरोधी पक्षांचे ७८ खासदार निलंबित झाले होते आणि बातम्या त्याच्याच होत्या. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. सहा दिवस लागले. १८ जून २०२४ पासून कायदा लागू आहे.

हल्ली मी फळ्यावर जुन्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहितो, 'टपाल अधिनियम २०२३, कलम ९', आणि मुलांना दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचायला सांगतो.